सॉफ्टवेअरच्या मेनूतले कोसंबी: नाणी, पोथ्या आणि जनुकांचा हिशोब

जनुकांचा नकाशा काढायचं कुठलंही सॉफ्टवेअर घ्या. डेटा भरून झाला की एका ठिकाणी ते विचारतं: दोन जनुकांमधलं अंतर कोणत्या पद्धतीने काढू? पर्यायांच्या यादीत दोन नावं हमखास असतात. एक हॉल्डेन, दुसरं कोसंबी. भात असो, गहू असो की ज्वारी, जगभरातले विद्यार्थी यातल्या एकावर क्लिक करतात आणि पुढे जातात.

परदेशातल्या एखाद्या विद्यार्थ्याला हे नाव जपानी वाटू शकतं. पण हे कोसंबी म्हणजे आपले दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म गोव्यातला, घर पुण्यातलं, नोकरी मुंबईतली. तुमच्यापैकी जे स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात त्यांनी हे नाव प्राचीन भारताच्या इतिहासात वाचलं असेल. इतिहासकार कोसंबी आणि सॉफ्टवेअरमधले कोसंबी ही दोन वेगळी माणसं नाहीत. एकच आहेत.

कॉम्प्युटेशनल बायोलॉजी हा शब्द प्रचारात नव्हता, भारतात एकही इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर नव्हता, त्या काळात या माणसाने जीवशास्त्राला उपयोगी पडणारं गणित पुण्यात बसून लिहिलं. ते कसं झालं आणि त्यांना त्याचं काय मिळालं, ते आज बघू.

गोवा, पुणे, हार्वर्ड

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातल्या कोसबें गावी झाला. वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. ज्ञानासाठी घरदार सोडून नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असं फिरलेला माणूस. हार्वर्ड विद्यापीठात एका पाली ग्रंथाच्या संपादनाचं काम होतं, त्यासाठी धर्मानंदांना अमेरिकेत बोलावणं येई. १९१८ मध्ये ते मुलांना घेऊन गेले. दामोदर तेव्हा अकरा वर्षांचे होते.

शाळा तिकडेच झाली. मध्ये काही काळ भारतात येऊन ते परत गेले आणि १९२९ मध्ये हार्वर्डमधून सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाले. गणित हा मुख्य विषय, पण सोबत भाषाही भरपूर शिकले. जर्मन, फ्रेंच, इटालियन अशा भाषा ते वाचू शकत. पुढच्या कामात या भाषांचा गणिताइतकाच उपयोग झाला.

आज असा मुलगा तिकडेच पीएचडीला थांबेल, हे आपण गृहीत धरतो. पण १९२९ म्हणजे अमेरिकेतल्या महामंदीची सुरुवात. कोसंबी डॉक्टरेट न करता भारतात परतले. त्यांच्या नावापुढे पीएचडी कधीच लागली नाही.

बनारस, अलिगढ आणि एक खोटा गणितज्ञ

आधी त्यांनी बनारस हिंदू विद्यापीठात शिकवलं. मग १९३१ मध्ये ते अलिगढला गेले. तिथे आंद्रे वेल हा तरुण फ्रेंच गणितज्ञ होता, जो पुढे विसाव्या शतकातला एक मोठा गणितज्ञ ठरला. वेलच्या सांगण्यावरून कोसंबींनी एक गमतीदार शोधनिबंध लिहिला. त्यात एका प्रमेयाचं श्रेय बूर्बाकी नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या गणितज्ञाला दिलं. काही वर्षांनी वेल आणि त्याच्या मित्रांनी याच बूर्बाकी नावाखाली गणिताची ग्रंथमालाच काढली आणि ती जगभर गाजली. बूर्बाकी हे नाव छापील गणितात बहुधा पहिल्यांदा आलं ते कोसंबींच्या त्या लेखात.

१९३१ मध्येच त्यांचं नलिनी मडगावकर यांच्याशी लग्न झालं. लवकरच ते पुण्यात आले आणि फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. पुढची साधारण बारा वर्षं ते तिथेच होते. १९३४ मध्ये त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळालं. इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही हुशार गणितज्ञाची वाटते. वळण येतं ते पुढे, नाण्यांमुळे.

हजारो नाणी आणि एक तराजू

संख्याशास्त्र नीट शिकायचं तर हाताशी खरा डेटा हवा. आज आपण वेबसाइटवरून तयार फाइल उतरवतो. कोसंबींनी डेटा म्हणून निवडली प्राचीन भारतातली चांदीची आहत नाणी. आहत म्हणजे ठसे मारलेली. या नाण्यांवर राजाचं नाव नसतं, साल नसतं, फक्त चिन्हं असतात. मग कुठलं नाणं आधीचं आणि कुठलं नंतरचं हे ठरवायचं कसं?

त्यांचा विचार साधा होता. नाणं हातोहाती फिरतं तेव्हा झिजतं. टांकसाळीतून बाहेर पडताना सगळ्या नाण्यांचं वजन जवळपास सारखं असतं. जसजशी वर्षं जातात तसतसं सरासरी वजन कमी होतं आणि नाण्यानाण्यांतला फरकही वाढत जातो, कारण काही नाणी जास्त फिरतात आणि काही पेटीत पडून राहतात. म्हणजे वजनांची सरासरी आणि वजनांचा पसारा हे दोन आकडे मिळून नाण्याचं वय सांगू शकतात.

पण हे खरंच असं घडतं का? ते तपासायला त्यांनी चलनातली त्या काळची नाणी घेतली. त्यांवर साल छापलेलं असतंच. ती एकेक करून अचूक तराजूवर तोलली. झीज अपेक्षेप्रमाणे दिसली. मग मोर्चा जुन्या नाण्यांकडे वळवला. आहत नाण्यांच्या मागच्या बाजूला छोटे ठसे असतात. नाणं चलनात असताना वेळोवेळी तपासणी होऊन हे ठसे पडत असावेत असा त्यांचा अंदाज होता. मागचे ठसे जितके जास्त, तितकं सरासरी वजन कमी, असा संबंध त्यांना मिळाला. त्यावरून नाण्यांचे गट काळाच्या क्रमाने लावता येऊ लागले.

मशीन लर्निंगचा पहिला धडा आठवा. ज्याचं उत्तर माहीत आहे अशा डेटावर पद्धत आधी तपासायची, मग ज्याचं उत्तर माहीत नाही अशा डेटाला लावायची. कोसंबींनी तेच केलं, फक्त प्रत्येक ओळ स्वतःच्या हाताने तोलून. अशी हजारो नाणी त्यांनी तोलली. हे काम त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. १९६६ मध्ये, म्हणजे त्यांच्या शेवटच्या वर्षी, सायंटिफिक अमेरिकन या मासिकात त्यांचा याच विषयावर लेख आला.

चार पानांचा लेख

आता त्या मेनूतल्या नावाकडे येऊ. आधी थोडं जीवशास्त्र, आपल्या लोकलच्या भाषेत.

तुमच्या आईला प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती मिळालेल्या असतात. एक आजीकडून, एक आजोबांकडून. आई तुम्हाला त्यातली एकच प्रत देते, पण ती जशीच्या तशी नसते. काही भाग आजीच्या प्रतीतला आणि काही आजोबांच्या प्रतीतला, असा जोडून दिलेला असतो.

कल्याण ते ठाणे हा रेल्वेमार्ग डोळ्यांसमोर आणा. स्लो लाइन म्हणजे आजीची प्रत, फास्ट लाइन म्हणजे आजोबांची. तुम्हाला मिळालेलं गुणसूत्र ही एक गाडी. ती कधी स्लोवरून धावते, मध्येच सांधा लागला की फास्टवर जाते. स्टेशनं म्हणजे जनुकं. आपल्याला गाडी फक्त स्टेशनांवर दिसते. मधल्या प्रवासात काय झालं ते दिसत नाही.

डोंबिवलीला गाडी स्लोवर होती आणि ठाण्याला फास्टवर दिसली, तर मध्ये तिने रूळ बदलले हे नक्की. अशा शंभर गाड्या बघायच्या. वीस गाड्यांनी रूळ बदललेले दिसले तर प्रमाण २० टक्के. प्रमाण जितकं जास्त तितकी दोन स्टेशनं एकमेकांपासून लांब. ही कल्पना वापरून जनुकांचा पहिला नकाशा काढला तो अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातल्या आल्फ्रेड स्टर्टेव्हंट या मुलाने. तेव्हा तो पदवीचा विद्यार्थी होता. त्याचा लेख १९१३ मध्ये छापून आला.

यात एक अडचण आहे. गाडी डोंबिवलीनंतर फास्टवर गेली आणि मुंब्र्याच्या आसपास परत स्लोवर आली तर? ठाण्याला ती स्लोवरच दिसेल. आपण लिहिणार, रूळ बदलले नाहीत. प्रत्यक्षात दोनदा बदलले. म्हणजे दिसणारे बदल हे खऱ्या बदलांपेक्षा नेहमी कमी असतात आणि अंतर जितकं जास्त तितकी ही चूक मोठी. न दिसलेले बदल हिशोबात धरायला एक सूत्र हवं.

पहिलं प्रसिद्ध सूत्र दिलं ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी, १९१९ मध्ये. हेच हॉल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात राहायला आले. त्यांनी असं धरलं की गाडी कुठेही, कितीही वेळा रूळ बदलू शकते आणि एका बदलाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. गणिताला हे सोयीचं होतं. पण माश्यांवरच्या प्रयोगांत वेगळंच दिसत होतं. गुणसूत्रात एका ठिकाणी अदलाबदल झाली की तिच्या अगदी जवळ दुसरी होण्याची शक्यता कमी होते. रेल्वेतही एक सांधा ओलांडल्यावर लगेच दहा फुटांवर दुसरा सांधा नसतो, तसंच.

कोसंबींनी हीच गोष्ट सूत्रात आणली. अगदी जवळच्या अंतरावर दुसरी अदलाबदल जवळजवळ होतच नाही, आणि अंतर वाढत जातं तसतसा हा अटकाव हळूहळू संपतो, असं त्यांनी धरलं. त्यातून अंतरं जोडायचा एक सुटसुटीत नियम मिळाला. डोंबिवली ते दिवा प्रमाण अ आणि दिवा ते ठाणे प्रमाण ब असेल, तर डोंबिवली ते ठाणे प्रमाण असं काढायचं:

(अ + ब) ÷ (१ + ४ × अ × ब)

दोन्ही टप्प्यांत २० टक्के धरून फोनच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा. ०.४ भागिले १.१६, म्हणजे साधारण ३४.५ टक्के. हॉल्डेन यांच्या पद्धतीने हेच उत्तर ३२ टक्के येतं. नुसती बेरीज केली तर ४०, आणि ती चूक.

नकाशावरचं अंतर सेंटिमॉर्गन या एककात मोजतात. दोन्ही पद्धतींत किती फरक पडतो ते बघा:

- ५ टक्के प्रमाण दिसलं तर: हॉल्डेन ५.३, कोसंबी ५.०
- २० टक्के दिसलं तर: हॉल्डेन २५.५, कोसंबी २१.२
- ४० टक्के दिसलं तर: हॉल्डेन ८०.५, कोसंबी ५४.९

जवळच्या जनुकांसाठी दोघांचं उत्तर जवळपास एकच. लांबच्या जनुकांसाठी मात्र नकाशा बराच बदलतो. रोगाला दाद न देणारं पीक शोधणाऱ्या संशोधकाने गुणसूत्राच्या कुठल्या भागात शोध घ्यायचा, हे अशा नकाशावरून ठरतं.

कोसंबींचं सूत्र प्रत्येक सजीवाला तंतोतंत लागू पडतं असं नाही. अटकाव कुठे जास्त असतो, कुठे कमी. पण बऱ्याच ठिकाणी ते चालण्याइतकं बरोबर येतं आणि वापरायला सोपं आहे. म्हणूनच ते टिकलं.

हा लेख १९४४ मध्ये ॲनल्स ऑफ युजेनिक्स या ब्रिटिश नियतकालिकात आला. लांबी चार पानं. लेखकाचा पत्ता पुण्याचा, हुद्दा गणिताच्या प्राध्यापकाचा. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि डीएनएची दुहेरी गोफासारखी रचना कळायला अजून नऊ वर्षं होती. आनुवंशिकता नेमकी कशात साठवलेली असते यावर एकमतही नव्हतं, तरी हिशोब बरोबर मांडता आला.

खूप आकड्यांतून मोजके आकडे

त्याच्या एक वर्ष आधी, १९४३ मध्ये, त्यांनी आणखी एक लेख लिहिला होता. त्यातली कल्पना अशी. तुमच्याकडे खूप वक्ररेषा आहेत, म्हणजे आलेख समजा. प्रत्येक आलेखात हजारो बिंदू. या सगळ्या आलेखांचं वर्णन करायला हजारो आकडे लागतात का? नाही. काही मोजके मूळ आकार शोधता येतात, आणि मग प्रत्येक आलेख म्हणजे त्या आकारांचं कमी-जास्त प्रमाणातलं मिश्रण असं लिहिता येतं.

फिनलंडचे कार्हुनेन आणि फ्रान्सचे लोएव यांनी हीच गोष्ट पुढच्या काही वर्षांत स्वतंत्रपणे मांडली. त्या दोघांच्या नावाने ते प्रमेय प्रसिद्ध झालं. कोसंबींचा लेख भारतीय नियतकालिकात होता, तो फारसा कुणी वाचला नाही. आता बरेच अभ्यासक तिघांचीही नावं एकत्र घेतात.

याचा तुमच्याशी काय संबंध? फोटोतला चेहरा ओळखायच्या सुरुवातीच्या पद्धती याच कुटुंबातल्या. आणि आज कॉम्प्युटेशनल बायोलॉजीच्या विद्यार्थ्याला पेशींचा डेटा मिळतो, तेव्हा प्रत्येक पेशीमागे हजारो जनुकांचे आकडे असतात. त्यांना आधी मोजक्या आकड्यांवर आणायचं, मग पडद्यावर ठिपक्यांचा नकाशा काढायचा, हे त्याचं रोजचं काम. त्या पायरीला पीसीए म्हणतात. कोसंबींच्या लेखातली कल्पना तिची सख्खी नातेवाईक आहे.

पोथ्यांचं वंशवृक्ष

वडिलांमुळे पाली आणि संस्कृत घरातच होतं. कोसंबी भर्तृहरीच्या शतकांकडे वळले. हे श्लोक शेकडो वर्षं हाताने उतरवले गेले. देशभर विखुरलेल्या पोथ्यांमध्ये श्लोकांची संख्या वेगळी, क्रम वेगळा, शब्दही वेगळे. मूळ किती आणि नंतर घुसवलेलं किती?

त्यांनी शक्य तितकी हस्तलिखितं मिळवून ओळीला ओळ लावून तपासली. इथला तर्क ओळखीचा वाटेल. नक्कल करणाऱ्याकडून एखादी चूक होते. त्याच्या पोथीवरून जे पुढे उतरवतात त्यांच्याकडेही तीच चूक जाते. म्हणजे ज्या पोथ्यांत सारख्या चुका, त्या एकाच घराण्यातल्या. असं करत पोथ्यांचा वंशवृक्ष मांडता येतो. साधारण दोनशे श्लोक जवळपास सगळीकडे सापडतात, बाकीचे प्रांताप्रांतांत बदलतात, असं त्यांना दिसलं. ही चिकित्सक आवृत्ती १९४८ मध्ये छापली गेली.

कोविडच्या काळात डेल्टा, ओमायक्रॉन अशी नावं आपण रोज ऐकत होतो. विषाणूचा कुठला प्रकार कुठून आला हे शास्त्रज्ञांनी कसं शोधलं? विषाणू स्वतःची नक्कल करताना चुका करतो, त्या चुका पुढच्या पिढीत जातात, आणि सारख्या चुकांवरून वंशवृक्ष काढतात. पोथीच्या जागी जनुकीय अक्षरं, बाकी तर्क तोच. ही पद्धत कोसंबींनी शोधलेली नव्हती, पोथ्यांच्या अभ्यासकांकडे ती आधीपासून होती. पण नाणी, जनुकं आणि पोथ्या या तिन्ही ठिकाणी एकाच माणसाने स्वतः काम केलं आहे, हे विरळा.

डेक्कन क्वीनचा प्रवासी

१९४५ मध्ये होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू केली आणि लवकरच कोसंबी तिथे गणिताचे प्राध्यापक झाले. संस्था मुंबईत, पण घर पुण्यातच ठेवलं. डेक्कन क्वीनने सकाळी मुंबई, संध्याकाळी पुणे. एका बाजूचं अंतर १९२ किलोमीटर.

मी कोपरला राहतो. आमच्या स्टेशनावर फास्ट गाड्या थांबत नाहीत. डेक्कन क्वीन तर डोळ्यांसमोरून सुसाट जाते. कोसंबींच्या काळात कोपर स्टेशन नव्हतंच, पण मार्ग हाच. कल्याण, डोंबिवली, दिवा, पारसिकचा बोगदा, ठाणे. प्रवासाचे ते तास त्यांनी वाया घालवले नाहीत. गाडीत वाचन चालायचं, लिखाण चालायचं, सहप्रवाशांशी वाददेखील व्हायचे. आपल्या लोकलमध्ये बसायला जागा मिळणं हीच मोठी गोष्ट, त्यामुळे तुलना करत नाही. तरी एवढं खरं की त्यांच्या कामाचा बराच भाग ऑफिसच्या बाहेर झाला.

सुट्टीच्या दिवशी ते पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पालथ्या घालत. अश्मयुगातली बारीक दगडी हत्यारं गोळा करत, खेड्यांतली देवस्थानं बघत, लोकांशी बोलत. कार्ल्यासारखी लेणी घाटवाटांच्या जवळ का आहेत, कोकणातल्या कल्याणसारख्या बंदरांतून माल देशावर कसा चढत असेल, असे प्रश्न त्यांना पडत. १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं आणि इतिहास लिहिण्याची रीत बदलली. राजांच्या यादीऐवजी लोक काय पिकवत, कुठली अवजारं वापरत, माल कुठून कुठे जाई, यावर भर आला.

१९४८-४९ मध्ये युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर ते इंग्लंड-अमेरिकेत गेले. विषय होता कॉम्प्युटर. इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर तेव्हा जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. टाटा संस्थेत पुढे १९६० मध्ये टिफ्रॅक हा भारतीय बनावटीचा कॉम्प्युटर पूर्ण झाला. पण नाणी, जनुकं आणि पोथ्या हे कोसंबींचं महत्त्वाचं काम त्याच्या कितीतरी आधी, कागद-पेन्सिलीवर झालेलं होतं.

किंमत

इतकं काम करणाऱ्या माणसाचं शेवटी सगळं छान झालं असेल असं वाटतं. तसं झालं नाही.

कोसंबी जागतिक शांतता चळवळीत होते. भारताने अणुऊर्जेच्या मागे लागण्यापेक्षा सौरऊर्जेवर काम करावं, असं ते जाहीरपणे म्हणत. सूर्यप्रकाश आपल्याकडे भरपूर आहे, तो गावोगावी मिळतो, त्यासाठी मोठं केंद्र लागत नाही, हा त्यांचा मुद्दा. ही गोष्ट १९६० च्या आसपासची. आणि ते नोकरीला होते भाभांच्या संस्थेत, जे भारताच्या अणुकार्यक्रमाचे जनक. मतभेद वाढत गेले.

त्यातच १९५९ मध्ये त्यांनी रीमान यांच्या गृहीतकाची सिद्धता दिल्याचा दावा छापला. हा गणितातला सर्वात प्रसिद्ध न सुटलेला प्रश्न, आजही सुटलेला नाही. लेख छापला तो शेतीच्या संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. कोसंबींची सिद्धता शक्यतांच्या गणितावर उभी होती आणि ती चुकीची निघाली. गणितज्ञांमध्ये त्यांच्या नावाला मोठा धक्का बसला. जी पद्धत नाण्यांना आणि जनुकांना चालली ती इथे चालली नाही. नाण्यांच्या बाबतीत साल माहीत असलेल्या नाण्यांवर उत्तर पडताळता येत होतं. इथे तशी सोय नव्हती, पायरीपायरीने निर्दोष सिद्धताच हवी होती.

१९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. सोळा वर्षांची नोकरी संपली. त्यानंतर १९६४ मध्ये सीएसआयआरने त्यांना मानद शास्त्रज्ञ म्हणून नेमलं आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीशी ते जोडले गेले. १९६५ मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचं त्यांचं आणखी एक पुस्तक आलं. २९ जून १९६६ रोजी पुण्यातल्या घरी, झोपेतच त्यांचं निधन झालं. वय अठ्ठावन्न.

त्या काळातल्या अनेकांना हा माणूस नक्की कुठल्या खणात ठेवायचा हेच कळत नसावं. गणितज्ञांना वाटे, हा नाण्यांत वेळ घालवतो. संस्कृतच्या पंडितांना वाटे, हा गणितवाला. आज अशा माणसांसाठी आपण अख्खे विभाग उघडले आहेत. २००८ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं. २०१६ मध्ये त्यांचे गणित आणि संख्याशास्त्रातले निवडक लेख एका खंडात आले. त्याचे संपादक राम रामस्वामी, जे स्वतः कॉम्प्युटेशनल बायोलॉजीत काम केलेले शास्त्रज्ञ.

यातून आपण काय घ्यायचं?

बायोइन्फॉर्मॅटिक्स, डेटा सायन्स किंवा एआय शिकणाऱ्या बऱ्याच जणांची सुरुवात टूलपासून होते. आधी पायथन, मग एखादी लायब्ररी, मग कुठला तरी डेटा, आणि शेवटी प्रश्न. कोसंबींच्या कामात क्रम उलटा दिसतो. हे नाणं कधीचं? हा श्लोक कुणाचा? न दिसलेली अदलाबदल कशी मोजायची? प्रश्न आधी, मग त्याला लागेल तेवढं गणित.

दुसरी गोष्ट रोजच्या कामातली. सॉफ्टवेअरमधला प्रत्येक पर्याय म्हणजे कुणीतरी धरलेलं एक गृहीतक असतं. हॉल्डेन निवडलं तर तुम्ही म्हणता, बदल एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. कोसंबी निवडलं तर म्हणता, नाहीत. क्लिक तुमचं, त्यामुळे उत्तराची जबाबदारीही तुमची.

हातात लॅपटॉप असेल तर आर/क्यूटीएल हे मोफत पॅकेज उतरवून बघा. सरावासाठी डेटा त्याच्यासोबतच येतो. तुम्ही काही सांगितलं नाही तर ते हॉल्डेन यांचं सूत्र वापरतं. एकदा तसाच नकाशा काढा. मग कोसंबी हे नाव टाइप करून तोच नकाशा पुन्हा काढा, आणि कुठली अंतरं बदलली, कुठली तशीच राहिली ते स्वतः तपासा.